हात जातो का?

रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरासाठी मी विकत घेतलेली पहिली वस्तू म्हणजे एक चुंबक. शर्टाच्या बटणाएवढं. स्टीलचं काहीही घेताना आधी चुंबक लावून बघ, चिकटलं तर माल हलका, नाही चिकटलं तर अस्सल, असं एका जाणत्या माणसाने सांगितलं होतं. मग काय, महिनाभर मी जाईन तिथे टेबलांना, सिंकना, फ्रिजच्या दारांना चुंबक लावत सुटले. विकणारे हसायचे. हुशार गिऱ्हाईक आलंय म्हणून कौतुकाने हसतात, असा माझा समज.

हसण्याचं कारण फार उशिरा कळलं. स्टेनलेस हे एका धातूचं नाव नाही, आडनाव आहे; त्या घरात माणसं पुष्कळ. लोखंडात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा धरतो. तो गंज अडवतो, आणि ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा धरतो. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली हा माणूस बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादं करून बघत होता. सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याआधी नमुना आम्लात बुडवायची पद्धत होती, आणि क्रोमियम घातलेलं एक पोलाद आम्लाला काही केल्या दाद देईना. शेफील्ड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या-चाकू घडवणारं गाव. बंदुकीसाठी शोधलेलं पोलाद जेवणाच्या टेबलावर गेलं ते तिथूनच.

त्या घरातल्या तीन भावंडांशी माझा संबंध आला. ४३० नंबरच्या पत्र्यात क्रोमियम असतं, निकेल जवळजवळ नसतं. त्याला चुंबक चिकटतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल; त्याला चिकटत नाही. इथवर जाणत्या माणसाचं बरोबर. पण निकेल महाग, म्हणून २०२ सारख्या जातींत त्यातलं बरंचसं काढून मॅंगनीज घालतात. आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही! उलट अस्सल ३०४ चा पत्रा वाकवला, दाबून त्याचा सिंक काढला, की वाकलेल्या कोपऱ्यात चुंबक जरासं ओढलं जातं. म्हणजे मी महिनाभर चांगल्या मालावर संशय घेत होते आणि हलक्या मालाला प्रशस्तिपत्रकं वाटत होते. विकणारे हसतील नाही तर काय करतील?

माझी टेबलं २०२ ची निघाली. पत्रा मात्र जाड होता, ते आमच्या मास्टरांमुळे. मास्टर म्हणजे आमचे मुख्य आचारी. पत्र्याच्या गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे उलटं गणित त्यांनी मला एका वाक्यात समजावलं. १६ गेज दीड मिलिमीटरहून थोडा जास्त, २० गेज एक मिलिमीटरच्या आत. तेही आकडे विचारत बसले नाहीत. दोन्ही तळहात टेबलाच्या मधोमध टेकवले, अंगाचा भार दिला आणि म्हणाले, "ताई, हे घ्या. ते दुसरं ढोलासारखं वाजेल."

सहा-सात महिन्यांनी मावशींनी मला हाक मारली. मावशी भांडी घासायला होत्या. अजून आहेत. सिंकच्या शेजारच्या टेबलापाशी त्या उकिडव्या बसल्या होत्या. "ताई, वाकून बघा जरा." वरून आरशासारख्या लखलखणाऱ्या त्या टेबलाच्या खालच्या कडेला तपकिरी ठिपके उठले होते. पुरळ उठल्यासारखे. मीठ आणि ब्लीच यांतलं क्लोराइड त्या पापुद्र्याला बारीक भोकं पाडतं. वरून येता-जाता फडका फिरत होता म्हणून वर काही नव्हतं. खाली ओघळून साचलेल्या पाण्याला कुणी हात लावला नव्हता. मी जरा तिखट आवाजात म्हटलं, "खालून पुसत नाही का कुणी?" मावशींनी हात खाली घालून दाखवला. कोपरापर्यंत गेला आणि अडला. टेबलाची खालची फळी जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर होती. "हात जातो का? सांगा."

स्वयंपाकघराची उपकरणं कशी घ्यावीत याबद्दल मला जे काही कळलंय, त्यातलं निम्मं या प्रश्नापासून सुरू होतं. पण तो मला पहिल्या दिवशी कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही. वस्तू विकणारा आपल्याला ती काम कशी करते ते दाखवतो. बटण दाबतो, दिवा लागतो, पातं फिरतं. ती रात्री अकरा वाजता थकलेल्या माणसाच्या हाताखाली कशी वागते, हे दुकानात दिसत नाही.

पहिली यादी मी मेनू ठरायच्या आधीच केली होती. आता सांगायला लाज वाटते. मासिकांतले फोटो बघून, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत डोकावून, जे जे झळकत होतं ते ते लिहिलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. बिल मात्र असतं. मास्टरांनी यादी शांतपणे वाचली आणि विचारलं, "सगळ्यात गर्दीच्या तासाला किती जण जेवतील?" मी दिवसभराचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "दिवसाचा नको. तासाचा."

फरक मला समजेना, तेव्हा त्यांनी सूपचं पातेलं घेतलं. ५० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायचं तर साधारण साडेचार-पावणेपाच युनिट ऊर्जा पाण्यात जायला हवी. हे माझं गणित, त्यांचं नव्हे. १० किलोवॅटचा बर्नर असला तरी उघड्या ज्योतीची निम्म्याहून जास्त उष्णता पातेल्याच्या कडांवरून वर निघून जाते आणि आपल्या तोंडावर येते. उरलेल्या चार किलोवॅटमध्ये ते पातेलं उकळायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. मी हे कागदावर सोडवत होते तोवर मास्टर म्हणाले, "सव्वा तास तरी धरा." त्यांनी कधी किलोवॅट मोजला नसेल, पण ते कितीतरी पातेल्यांपुढे उभे राहिलेत.

तेच तळणीचं. तेल १८० अंशांवर आहे याला फारसा अर्थ नाही. गार, ओला माल आत पडला की ते किती खाली येतं आणि परत वर यायला किती वेळ घेतं, यावर सगळं अवलंबून. गर्दीच्या तासाला दुसरा घाणा पहिल्याच्या पाठोपाठ पडतो, तिसरा त्याच्या पाठोपाठ. तेलाला दम घ्यायला वेळ मिळाला नाही की माल तळला न जाता तेल पीत बसतो. फ्रायर घेताना मी भांड्याचं माप विचारत होते, विचारायचा होता बर्नर. आणि एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नाही: चांगल्या फ्रायरमध्ये तापवणाऱ्या नळ्या तळाशी नसतात, तळापासून थोड्या वर असतात. त्यांच्याखालचं तेल त्यामानाने गार राहतं. चुरा त्या गार थरात जाऊन पडतो, जळत नाही, आणि तेल जास्त दिवस टिकतं. सपाट तळाच्या, खालून आग असलेल्या भांड्यात तोच चुरा दिवसभर करपत राहतो.

पातेल्याकडे परत येते, कारण त्याची दुसरी बाजू मला जास्त महागात पडली. ५० लिटर उकळायला सव्वा तास, पण गार व्हायला? रात्रभर. साधारण ५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता मुलूख. त्यातून अन्न झटपट बाहेर काढायचं असतं, आणि मोठ्या पातेल्याचं पोट त्याच्या कातडीच्या मानाने फार मोठं असतं. वरून बोट लावलं तर कोमट, मधोमध अजून वाफाळतंय. एका सकाळी झाकण काढल्याबरोबर आंबूस वास आला. अख्खं पातेलं मोरीत ओतलं. मोठं पातेलं घेताना मी फक्त शिजवण्याचा विचार केला होता.

त्यानंतर उथळ ट्रे आले. या ट्रेंचं एक आंतरराष्ट्रीय माप आहे, ५३० गुणिले ३२५ मिलिमीटर, आणि बाकीची सगळी मापं त्याची भावंडं: निम्मा, एक तृतीयांश, पाव. तोच ट्रे ओव्हनमध्ये जातो, फ्रिजच्या कप्प्यात बसतो, वाढायच्या काउंटरवरच्या खाचेत उतरतो. दिसायला अगदी कंटाळवाणी वस्तू. पण मला आज कुणी विचारलं की आधी काय घेऊ, तर मी म्हणेन, ट्रेचं माप ठरव आणि मग त्या मापाचे फ्रिज आणि ओव्हन शोध. आम्ही उलट केलं. आमच्या पहिल्या फ्रिजचे कप्पे अशा विचित्र रुंदीचे की दर ट्रेशेजारी चार बोटं जागा वाया. त्या चार बोटांत दोन वर्षं काय काय पडून हरवलं, ते फ्रिज विकताना सापडलं.

सुऱ्यांबद्दल काही लिहीत नाही. आचारी आपल्या सुऱ्या आपण आणतो, त्यात मालकाने नाक खुपसू नये.

वापरलेलं सामान घ्यायला मी बिचकायचे. बंद पडलेल्या एका रेस्टॉरंटचं सामान काढलंय असं कळलं म्हणून मास्टर आणि मी गेलो. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, आतला फळा अजून पुसलेला नव्हता, त्यावर शेवटच्या दिवसाच्या ऑर्डरी. मला तिथे चुंबक काढायचा धीर झाला नाही. कुणाच्या तरी हौसेच्या वस्तू उलट्यापालट्या करून बघताना आपण त्या माणसाच्या नशिबाच्या नादी तर लागत नाही ना, असं काहीसं वाटत राहतं. मास्टरांना तसं काही वाटत नव्हतं. ते यंत्रांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचत फिरत होते.

त्या चिठ्ठ्या वाचायला मी त्यांच्याकडून शिकले. फ्रिजवर 'दार ओढून लावा' असं लिहिलेलं असेल तर बिजागरी झुकलीय किंवा दाराचं रबर गेलंय. मिक्सरवर 'आधी एकवर, मग तीनवर' म्हणजे मोटर थेट वेग घेत नाही. 'रात्री मेन बंद करणे' हे तर सरळ सरळ घाबरून लिहिलेलं. नव्या वस्तूचं माहितीपत्रक जे सांगत नाही ते जुन्या वस्तूवरची चिकटपट्टी सांगते. दुसरं, स्क्रूची डोकी बघायची. एकाच झाकणाच्या स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत झाली असतील तर ते झाकण फार वेळा उघडावं लागलंय. त्या दिवशी आम्ही फ्रिजना हात लावला नाही. एक जाडजूड शेगडी आणि तीन टेबलं घेतली. बीडाची जाळी, झडपा, पत्रा, सगळं डोळ्यांना दिसत होतं. ज्याच्या पोटात कॉम्प्रेसर आहे ते जुनं घ्यायला माझं धाडस आजही होत नाही. मास्टर हसतात.

चिमणीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

शेगड्यांवर धूर धरणारं हूड, हूडमधून धूर नेणारी पत्र्याची नळी म्हणजे डक्ट, डक्टच्या टोकाला पंखा. मी म्हटलं, एवढ्या धुरात काम करणार आपली माणसं, पंखा मोठाच घेऊ. सांगितलं होतं त्याहून एक माप मोठा घेतला. पहिल्या संध्याकाळी धूर असा काही नाहीसा झाला की आम्ही टाळ्या वाजवल्या. मग बाहेरून निरोप आला: गिऱ्हाइकांना पुढचं दार उघडत नाहीये. मी धावले. एक वयस्क गृहस्थ बाहेरून दार ढकलत होते आणि ते हलेना, कारण... ते ढकलायचं दार नव्हतं, ओढायचं होतं. मी आतून हसून खूण केली. त्यांनी ओढलं. तरीही हलेना!

पंखा खोलीतली हवा बाहेर फेकत होता आणि आत यायला वाटच ठेवलेली नव्हती. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला होता. दाबात २५ पास्कल एवढा किरकोळ फरक पडला तरी दोन चौरस मीटरच्या दारावर ५० न्यूटन बल येतं. दाराला पाच किलोचं ओझं टेकवून ठेवल्यासारखं. त्या रात्री आणखी दोन गोष्टी दिसल्या. शेगडीच्या ज्योती दाराच्या फटीकडून येणाऱ्या झोताने एका अंगाला कलत होत्या, आणि कोठीघरातल्या मोरीच्या एका जाळीतून, जिथल्या वाकड्या नळीत वास अडवायला साचून राहणारं पाणी सुकून गेलं होतं, मोरीचा वास वर ओढला जात होता. धूर गेला, वास आला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. हवा बाहेर काढायचं यंत्र घेतलं की हवा आत आणायचं यंत्रही घ्यावं लागतं, बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडं कमी आत आणणारं, म्हणजे स्वयंपाकघराचा वास जेवणाऱ्यांकडे जात नाही. हे दुसरं यंत्र कुणाच्या यादीत नसतं, कारण त्याच्यामुळे काही शिजत नाही.

आणि फिल्टर. हूडमध्ये तिरक्या पन्हळींचे स्टीलचे फिल्टर असतात. हवा त्यांतून वळणं घेत जाते, तेलाचे कण पत्र्यावर आदळून थिजतात आणि ओघळून खालच्या पन्हळीत येतात. सुरेख कल्पना आहे. फिल्टर ५० सेंटिमीटरचे. आमचं सिंक ४५ चं. मावशींनी तिसऱ्या दिवशी तो तेलकट चौकोन सिंकवर आडवा ठेवला, तिरका ठेवला, उभा केला, आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. पुढची तीन वर्षं आमच्या हूडचे फिल्टर मागच्या अंगणात, एका प्लास्टिकच्या टबात धुतले जात होते.

न धुतलेल्या फिल्टरमधून आग डक्टमध्ये चढते. त्याविषयीही शिकावं लागलं. पेटलेल्या तेलावर पाणी ओतलं तर ते तेलाच्या खाली जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते. जळतं तेल छतापर्यंत उडतं. म्हणून तळणीच्या आगीसाठी वेगळं, ओल्या रसायनाचं अग्निशामक लागतं. त्यातले पोटॅशियमचे क्षार गरम तेलाशी मिळून चक्क साबण करतात, आणि त्या साबणाच्या फेसाखाली आग गुदमरते. प्रात्यक्षिक बघताना मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्हणजे शेवटी साबणच." आमच्याकडचं ते नळकांडं अजून वापरावं लागलेलं नाही. लाकडाला हात लावते.

कणीक मळायच्या यंत्राचं थोडक्यात. २० लिटरचं भांडं म्हणजे २० किलो पीठ नव्हे, आणि घट्ट पिठाला सैल पिठाच्या निम्मंच घालायचं असतं, नाहीतर मोटर रडते. ते आलं, थ्री-फेजला जोडलं, चालू केलं, तर पीठ मळलं जाण्याऐवजी मळणाऱ्या हुकाबरोबर वर चढून भांड्याबाहेर डोकावू लागलं. आम्ही अर्धा तास पाककृतीला दोष देत होतो. यंत्र उलटं फिरत होतं. थ्री-फेज मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलट फिरते. वायरमन आला, दोन वायरी बदलल्या, दोन मिनिटांत गेला.

माझी खरी हौस ओव्हनची. गरम हवा आणि वाफ दोन्ही एकाच पोटात देणारा. हा प्रकार तसा जुना नाही, १९७६ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा बाजारात आला. मी घेतलेला ओव्हन सगळं करत होता, भाजत होता, उकडत होता, रात्री स्वतःला धूतही होता. "हा आपला आपण धुतो," मी मावशींना मिरवून सांगितलं. "आणि पाणी?" त्या म्हणाल्या. म्हणजे, पाणी कुठलं. मला वाटलं, काहीतरीच विचारतात.

आमच्या पाण्यात क्षार भरपूर. मावशींना ते ठाऊक होतं, कारण पेल्यांवर राहणारे पांढरे डाग त्याच रोज पुसायच्या. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कडकपणा धरा. वाफेसाठी दिवसाला २० लिटर पाणी आटलं, तर मागे ६ ग्रॅमपर्यंत खडू उरतो. सहा ग्रॅम म्हणजे काय? वर्षाला दोन किलो. दहाव्या महिन्यात ओव्हनने वाफ देणं सोडलं. दुरुस्तीला आलेल्या मुलाने झाकण उघडून आतली तापवणारी कांडी बाहेर काढली. ती कांडी वाटतच नव्हती, समुद्राच्या तळाशी सापडलेलं काहीतरी वाटत होतं. विकताना पाणी मऊ करायच्या यंत्राचा उल्लेख झाला नव्हता. करारात मात्र बारीक अक्षरांत होता.

भांडी धुण्याचं यंत्र सगळ्यात शेवटी आलं, आणि त्याला कारण पैसा नव्हता. कारण मावशी होत्या. मी विषय काढला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ताटं विसळत राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बरं आहे. बघा."

त्या यंत्राचा इतिहास मी त्याच दिवसांत वाचत होते. जोसेफिन कोक्रेन ही अमेरिकेतली बाई. नोकरांच्या हातून तिच्या नाजूक चिनी मातीच्या बशांचे कपचे उडत, म्हणून वैतागून तिने घासण्याऐवजी पाण्याच्या मारानेच धुणारं यंत्र केलं. २८ डिसेंबर १८८६ ला तिला पेटंट मिळालं, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं, आणि घेतलं कुणी? घरांनी नव्हे, हॉटेलांनी. ती स्वतःच्या बशांसाठी झटली. माझ्या स्वयंपाकघरात मात्र बशांइतकाच मावशींच्या बोटांचा प्रश्न होता. पावडरने आणि पाण्याने त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या होत्या आणि मी त्या रोज बघत होते. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी यंत्राचे गुण सांगत बसले: शेवटचं पाणी ८२ अंशांचं, त्यामुळे ताटं निर्जंतुक होतात आणि बाहेर येताच आपल्या उष्णतेने सुकतात, फडका लागत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मी काय करू?"

मी म्हटलं, "मावशी, हे चालवणार कोण? मला येतं का?"

खरंच येत नव्हतं. यंत्र बसवणाऱ्या माणसाला त्यांनी दिवसभर सोडलं नाही. उष्टं आधी खरवडून काढायचं की नाही, जाळी कुठली, रसायन कधी संपतं ते कसं कळतं, फवाऱ्याच्या दांड्यांची भोकं बुजली तर कशाने मोकळी करायची. तो बिचारा कॉफीही न पिता गेला. यंत्राचा रॅक ५० गुणिले ५० सेंटिमीटरचा, आणि मी आधीच हौसेने घेतलेली मोठ्या व्यासाची ताटं त्यात जेमतेम निम्मी मावत. "ताटं आधी घेतलीत ना," मावशी म्हणाल्या, ज्या सुरात शेजारीण आपल्या पोराच्या कमी मार्कांबद्दल बोलते त्या सुरात. पुढच्या वेळी ताटं घ्यायला त्या माझ्याबरोबर आल्या. प्रत्येक ताट उलटं करून त्याच्या बुडाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. खोलगट बूड असलं की यंत्रात पाणी तिथे साचतं, सुकत नाही. मी नक्षी बघत होते.

गेल्या महिन्यात नवा फ्रिज आला. जुना मी शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवण्याची चूक केली होती. फ्रिज आतली उष्णता काढतो म्हणजे ती खोलीतच टाकतो, वर स्वतः खाल्लेल्या विजेचीही भर घालतो. शेजारी आग आणि मागे धूळ-तेलाने लिंपलेली जाळी अशी स्थिती असेल तर तो दिवसरात्र धापा टाकत राहतो आणि एक दिवस बसतो. तसा तो बसला. नव्यासाठी आम्ही दूरची भिंत मोकळी केली. दारं, वळणं, पायऱ्या, सगळं आधी टेपने मोजलं.

कंपनीचा मुलगा नवखा होता, पण तयार होऊन आला होता. समोरचा आकडा कसा बदलतो, फोनवर सूचना कशी येते, दार उघडं राहिलं तर कसं वाजतं, सगळं धडाधड सांगत होता. मी मान डोलवत होते. चुंबक माझ्या पर्सच्या तळाशी अजून आहे, पण मी काढलं नाही. मास्टर आतले कप्पे ट्रे घालून बघत होते.

मावशी कुठे दिसेनात. मग आवाज आला, फ्रिजच्या खालून. जमिनीवर कुशीवर झोपून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला होता.

"भिंतीपर्यंत जातोय," त्या म्हणाल्या. मग हात बाहेर काढला, पदराला पुसला, आणि त्या मुलाकडे बघून विचारलं, "ही मागची जाळी साफ करायला झाकण कुठून उघडायचं रे?"

त्याने माहितीपत्रक चाळलं. पुन्हा मागून पुढे चाळलं. मग पत्रक बाजूला ठेवलं, पँट गुडघ्यावर जराशी वर ओढली आणि तो मावशींच्या शेजारी जमिनीवर बसला.